ज्वारीच्या दाण्यात लोह कुठे असते?

भारतात पिकवल्या जाणाऱ्या ज्वारीच्या बहुतेक वाणांत एका किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असते. हे आकडे मिळवण्यासाठी प्रयोगशाळेत मूठभर दाणे दळले जातात, ते पीठ तीव्र आम्लात विरघळवले जाते आणि त्या द्रावणातील धातूंचे मोजमाप केले जाते. ही पद्धत विश्वासार्ह आहे, वाणांची तुलना करण्यासाठी ती आवश्यकही आहे; परंतु दाणा दळला जातो त्याच क्षणी लोह दाण्याच्या कोणत्या भागात होते, कोणत्या रेणूच्या सान्निध्यात होते आणि ते मुळात दाण्याचेच होते की त्याच्या सालीला चिकटलेल्या मातीचे होते, ही सारी माहिती पुसली जाते. भाकरी खाणाऱ्या माणसाच्या रक्तात त्या लोहाचा किती अंश पोहोचेल हे ठरते ते मात्र याच पुसल्या गेलेल्या माहितीवर. म्हणून गेल्या दोन-तीन दशकांत धान्याचा दाणा न दळता, त्याचा पातळ छेद घेऊन त्यातील मूलद्रव्यांचे आणि रेणूंचे नकाशे काढण्याच्या पद्धती विकसित झाल्या, आणि एकाच छेदावर अशा अनेक पद्धती एकत्र वापरण्याचे शास्त्र आकाराला येत गेले.

सोलापूर जिल्ह्यासाठी हा विषय दूरचा नाही. दामाजीपंतांच्या कोठाराची कथा ज्या गावाशी जोडलेली आहे त्या मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हटले जाते, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्राच्या आणि उत्तर कर्नाटकाच्या रब्बी पट्ट्यात आजही पेरला जाणारा मालदांडी ३५-१ हा वाण १९३०च्या दशकात याच जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडला गेला. भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेचे रब्बी ज्वारीसाठीचे केंद्रही सोलापुरातच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेले आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढलेले हे पीक ज्या काळ्या, चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीत उभे असते, तिच्यात लोह आणि जस्त असूनही ते मुळांना सहज उपलब्ध होत नाही. त्यामुळे दाण्यात जे थोडेथोडके येते त्याचा हिशेब काळजीने मांडणे या भागाला अधिकच गरजेचे आहे.

मालदांडीच्या शंभर दाण्यांचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे एका दाण्यातील एकूण लोह सुमारे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा भाग, इतकेच असते. हा एक मायक्रोग्रॅम दाण्यात सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. ज्वारीच्या दाण्याचे स्थूलमानाने तीन भाग आहेत. बाहेरचे फलावरण, म्हणजे ज्याचा कोंडा होतो ते आवरण, वजनाने सहा टक्क्यांच्या आसपास असते. आतील पिठूळ भाग, ज्याला भ्रूणपोष म्हणतात, तो ८० टक्क्यांहून अधिक असतो. आणि दाण्याच्या एका बाजूला बसलेला भ्रूण, ज्याला बोलीत अंकुर म्हणतात, तो दहा टक्क्यांच्या जवळपास असतो. भ्रूणपोषाच्या अगदी कडेला, आवरणाच्या आत, जाड भित्तिका असलेल्या पेशींचा एकेरी थर असतो, त्याला ॲल्युरोन म्हणतात. भ्रूणपोष हे मुख्यतः स्टार्च आणि प्रथिनांचे गोदाम आहे; खनिजे मात्र प्रामुख्याने भ्रूणात आणि ॲल्युरोनमध्ये साठवलेली असतात, कारण बी रुजताना ती तिथेच लागणार असतात.

याच दोन भागांत फायटेट नावाचा एक रेणू मोठ्या प्रमाणावर असतो, आणि सारी गुंतागुंत त्याच्यापासून सुरू होते. फायटिक आम्ल म्हणजे सहा कार्बन अणूंच्या एका कड्याला सहा फॉस्फेट गट जोडलेले असा रेणू. वनस्पती बियांमध्ये स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मुख्यतः याच रूपात साठवते आणि त्याच्या जोडीला पोटॅशियम व मॅग्नेशियम ठेवते; ही संयुगे एक-दोन मायक्रोमीटर व्यासाच्या सूक्ष्म गोलकांच्या स्वरूपात पेशींमध्ये बसलेली असतात. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सहा फॉस्फेट गटांवरील ऋणभारामुळे फायटेट लोह आणि जस्त यांनाही घट्ट धरून ठेवते, आणि ते फोडण्याइतके फायटेज हे विकर माणसाच्या आतड्यात नसल्याने त्या धातूंचा मोठा भाग न शोषला जाताच शरीराबाहेर जातो. प्रौढ भारतीय स्त्रीसाठी दररोज २९ मिलिग्रॅम लोह आहारात असावे अशी शिफारस राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये केली. ती एवढी मोठी असण्याचे कारणच हे आहे की तृणधान्यप्रधान आहारातील लोहाचा फार थोडा अंश शोषला जातो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो, आणि यांपैकी अनेकींच्या ताटात रोज ज्वारीची भाकरी असते. तेव्हा लोह किती आहे या प्रश्नाइतकाच ते कुठे आहे आणि कोणाच्या बंधनात आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मूलद्रव्यांचा नकाशा काढण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे एक्स-रे फ्लुओरेसन्स. क्ष-किरणांचा बारीक झोत छेदाच्या एका बिंदूवर टाकला असता तिथल्या अणूंच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, त्याच्या रिकाम्या जागी बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उतरतो आणि या उतरण्यातील ऊर्जेचा फरक क्ष-किरणाच्याच रूपाने बाहेर पडतो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची स्वतःची असते, हे हेन्री मोझ्ली यांनी १९१३ मध्ये दाखवून दिले. लोहासाठी ती ६.४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, जस्तासाठी ८.६ आणि स्फुरदासाठी अवघी २. म्हणून बाहेर पडणाऱ्या किरणांची ऊर्जा मोजली की त्या बिंदूवर कोणती मूलद्रव्ये किती आहेत ते कळते, आणि छेद बिंदू-बिंदूने सरकवत नेला की नकाशा तयार होतो. लोहासारख्या अल्प प्रमाणातील धातूंसाठी झोत अतिशय प्रखर आणि बारीक लागतो. असा झोत सिंक्रोट्रॉनमधून मिळतो, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचलेले इलेक्ट्रॉन ज्या वर्तुळाकार मार्गात फिरत ठेवलेले असतात अशा यंत्रातून. महाराष्ट्राला सर्वांत जवळचे असे यंत्र इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे. तेथील इंडस-२ या २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या, सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यावर सूक्ष्म झोताने मूलद्रव्यांचे नकाशे काढण्यासाठी स्वतंत्र मार्ग उभारलेला आहे.

या नकाशाचे वाचन दिसते तितके सरळ नसते. स्फुरदाचे दुबळे क्ष-किरण दाण्याच्या पदार्थातच शोषले जातात, त्यामुळे ते वरच्या पंधरा-वीस मायक्रोमीटरांतूनच बाहेर येऊ शकतात, तर लोहाचे किरण काहीशे मायक्रोमीटर खोलीवरूनही येतात. दाणा नुसता अर्धा कापून झोतासमोर ठेवला, तर स्फुरदाचा नकाशा कापलेल्या पृष्ठभागाचा असतो आणि लोहाच्या नकाशात मात्र त्याखालच्या अनेक पेशींच्या थरांची बेरीज असते. असे दोन नकाशे एकमेकांवर ठेवून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. म्हणून दहा-वीस मायक्रोमीटर जाडीचेच छेद घ्यावे लागतात, आणि ज्वारीचा वाळलेला, चिवट भ्रूण व ठिसूळ भ्रूणपोष असलेला दाणा इतका पातळ कापणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. पाण्यात भिजवून मऊ केला तर पोटॅशियमसारखी विद्राव्य मूलद्रव्ये जागा सोडतात आणि नकाशा बिघडतो. त्यामुळे दाणा गोठवून, चिकट पारदर्शक पट्टीचा आधार देऊन, शून्याखालच्या तापमानात कापला जातो.

सोलापूरच्या संदर्भात या पद्धतीचा एक फायदा विशेष सांगण्याजोगा आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकात टायटॅनियमचे प्रमाण लक्षणीय असते आणि त्या खडकापासून बनलेल्या काळ्या मातीतही ते उतरते. ज्वारीच्या दाण्यात मात्र टायटॅनियम नसल्यातच जमा असते. त्यामुळे दाण्याच्या पृष्ठभागावर जिथे लोहाच्या ठिपक्याबरोबर टायटॅनियमचाही ठिपका दिसतो, तिथले लोह पिकाने शोषलेले नसून खळ्यावर किंवा मळणीत चिकटलेल्या धुळीचे आहे हे ओळखता येते. लोहसमृद्ध वाण निवडताना ही खबरदारी घेतली नाही, तर स्वच्छ न झालेला दाणाच सर्वांत पौष्टिक ठरण्याचा धोका असतो, म्हणून द्रावणाच्या तपासणीतही ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम मोजण्याची प्रथा पडली आहे. द्रावणातून केवळ शंका येते. नकाशा मात्र धूळ नेमकी कुठे आहे ते दाखवतो.

एक्स-रे फ्लुओरेसन्सला दिसतात ते अणू. ते अणू कोणत्या रेणूचे आहेत हे तिला सांगता येत नाही. स्फुरदाचा अणू फायटेटमधला असो, पेशीपटलातील मेदाचा असो की डीएनएमधला असो, तो एकाच ऊर्जेचा किरण देतो. धान्याच्या दाण्यातील बहुतांश स्फुरद फायटेटच्या रूपात असल्यामुळे स्फुरदाच्या नकाशालाच फायटेटचा नकाशा मानण्याची सवय संशोधनात रूढ आहे, आणि ढोबळ मानाने ती चुकीची नाही. परंतु ते अनुमान आहे, निरीक्षण नव्हे. प्रत्यक्ष रेणू पाहण्यासाठी वेगळ्या पद्धतींकडे वळावे लागते.

त्यांतील प्रमुख पद्धत मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणूंना विद्युतभारित करून त्यांचे वस्तुमान मोजण्यावर आधारलेली आहे. छेदावर एका लहान सेंद्रिय संयुगाचे सूक्ष्म स्फटिक फवारले जातात; या संयुगाला मॅट्रिक्स म्हणतात. त्यावर अतिनील लेसरचा ठोका पडला की मॅट्रिक्स ती ऊर्जा शोषून उडून जाते आणि जाताना ऊतीतील रेणूंना अखंड स्थितीत सोबत घेऊन जाते. माल्डी या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तंत्राचा पाया १९८०च्या दशकात जर्मनीतील फ्रान्झ हिलेनकाम्प आणि मिखाएल कारास यांनी घातला, आणि १९९७ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड कॅप्रिओली यांच्या गटाने ऊतीच्या छेदावर बिंदू-बिंदूने हे मोजमाप करून त्यातून चित्र उभे करता येते हे दाखवले. मेद, शर्करा, लहान प्रथिने, फेनॉलिक संयुगे अशा शेकडो रेणूंचे नकाशे एकाच फेरीत मिळणे हे या पद्धतीचे बळ आहे. फायटेटच्या बाबतीत मात्र ती सहजसाध्य नाही, कारण इतका ऋणभार असलेला आणि धातूंना चिकटून बसणारा रेणू छेदातून सुटून येण्यास नाखूश असतो. त्यासाठी मॅट्रिक्सची निवड आणि छेदाची पूर्वतयारी अतिशय काळजीने करावी लागते.

दुसरी पद्धत रामन वर्णपटाची. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी नोंदवलेल्या परिणामावर ती आधारलेली आहे: रेणूंवर पडून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश रेणूंच्या कंपनांमुळे रंग बदलतो आणि तो बदल रेणूतील बंधांची ओळख देतो. तिच्यात छेदाला काही फवारावे लागत नाही, तो जळतही नाही. स्टार्च आणि प्रथिने यांच्या सीमा ती एक मायक्रोमीटरच्या बारकाईने दाखवू शकते. अडचण अशी की वनस्पतींतील फेनॉलिक द्रव्ये लेसरच्या प्रकाशात स्वतःच चमकू लागतात आणि त्या चमकेत रामनचा दुबळा संकेत बुडून जातो. मालदांडीसारख्या पांढऱ्या, मोतीदार दाण्यात ही अडचण कमी असते, टॅनिनयुक्त लाल ज्वारीत ती मोठी होते.

तिसरी पद्धत पुन्हा मूलद्रव्यांची, पण विध्वंसक आहे. तिच्यात लेसरने छेदाचा बिंदू जाळून त्याची वाफ आरगॉन वायूच्या काही हजार अंश तापलेल्या प्लाझ्मात नेली जाते, जिथे रेणूंचे अणू होतात आणि त्या अणूंचे वस्तुमान मोजले जाते. दशलक्षात एखाद्या भागाहूनही कमी असलेले धातू ती मोजू शकते, आणि ज्ञात प्रमाणात जस्त किंवा लोह मिसळलेल्या जिलेटिनच्या पातळ थराशी तुलना केल्यास प्रत्यक्ष प्रमाणही सांगू शकते. एकदा वापरलेला बिंदू मात्र पुन्हा कशासाठीही उरत नाही.

एवढ्यावरून एकत्रीकरणाची गरज स्पष्ट व्हावी, आणि त्यातील क्रमाचा प्रश्नही. छेदाला हात न लावणारी तपासणी आधी आणि छेद संपवून टाकणारी शेवटी, हा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून प्रथम सूक्ष्मदर्शकातील छायाचित्र, मग रामन, मग पुढच्या पद्धती असा क्रम लावला जातो. पण हा नियम डोळे मिटून पाळता येत नाही. प्रखर क्ष-किरण वरवर छेदाला काही करत नाहीत असे वाटते, तरी ते नाजूक रेणूंचे बंध तोडतात आणि लोहाची रासायनिक अवस्थाही बदलू शकतात. माल्डीसाठी फवारलेल्या द्रावणात विद्राव्य आयन थोडे सरकतात. त्यामुळे अनेकदा एकाच छेदाऐवजी लागोपाठचे दोन छेद घेऊन एकावर रेणू आणि दुसऱ्यावर मूलद्रव्ये पाहिली जातात. त्यात छेद बिघडत नाही, पण दुसराच प्रश्न उभा राहतो: दोन छेदांतील पेशी त्याच नसतात, आणि कापताना प्रत्येक छेद वेगळ्या प्रकारे ताणला किंवा दुमडला गेलेला असतो.

असे नकाशे एकमेकांवर नेमके बसवणे हा या शास्त्राचा मर्मभाग आहे. रंगीत छपाईत एक रंग केसभर सरकला तरी चित्राच्या कडा फाटतात, तसेच इथेही होते. ॲल्युरोनचा थर एकाच पेशीइतका जाड असल्यामुळे दोन नकाशांत पन्नास मायक्रोमीटरांची चूक झाली, तरी ॲल्युरोनमधील लोह भ्रूणपोषात असल्याचे दिसू लागेल, आणि त्यावरून काढलेला आहारविषयक निष्कर्ष उलटा होईल. सुदैवाने ज्वारीच्या दाण्यात चांगल्या खुणा आहेत: ॲल्युरोनच्या पेशीभित्तिकांमधील फेरुलिक आम्ल अतिनील प्रकाशात निळे चमकते, त्यामुळे ती कडा कोणत्याही रसायनाशिवाय सूक्ष्मदर्शकात ठळक दिसते आणि इतर नकाशे तिच्याशी जुळवून घेता येतात.

बारकाईचा हिशेबही विसरून चालत नाही. चार मिलिमीटर रुंदीच्या दाण्याचा वीस मायक्रोमीटरच्या बिंदूंनी नकाशा काढल्यास चाळीस हजार बिंदू होतात. पाच मायक्रोमीटरच्या बिंदूंनी काढल्यास सहा लाख चाळीस हजार होतात, आणि प्रत्येक बिंदूवर सेकंदाचा दहावा भाग थांबले तरी एका छेदाला जवळजवळ अठरा तास लागतात. सिंक्रोट्रॉनवर मिळणारा वेळ मोजका असल्यामुळे बहुतेक वेळा संपूर्ण दाणा जाड बिंदूंनी आणि निवडक भाग बारीक बिंदूंनी पाहिला जातो. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील गटाने २०१५ मध्ये यावर एक गणिती मार्ग सुचवला: मास स्पेक्ट्रोमेट्रीचे जाडसर चित्र आणि सूक्ष्मदर्शकातील बारीक चित्र यांच्यातील संबंध संगणकाने शिकायचा आणि त्यावरून रेणूचे बारीक चित्र अनुमानित करायचे. हा मार्ग उपयुक्त आहे, मात्र तसे मिळालेले चित्र हे अंशतः मोजमाप आणि अंशतः भाकीत असते, हे चित्राखाली स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. सुबक चित्राला पुरावा समजण्याचा मोह विज्ञानात नेहमीच महाग पडतो.

असाच दुसरा मोह अधिक खोल आहे. लोहाचा आणि स्फुरदाचा नकाशा एकमेकांवर ठेवल्यावर दोन्ही एकाच जागी दिसले, तर लोह फायटेटला बांधलेले आहे असे म्हणावेसे वाटते. पण वीस मायक्रोमीटरच्या एका बिंदूत एक मायक्रोमीटरचे चारशे चौरस मावतात, आणि त्यात फायटेटचे गोलक, प्रथिने, पेशीभित्तिका हे सारे एकत्र असते. शेजारी असणे आणि बांधलेले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये जवाच्या दाण्याचे भाग वेगळे करून त्यांतील अर्कांची तपासणी केली, तेव्हा लोह मुख्यतः फायटेटच्या जोडीला आणि जस्त मात्र मुख्यतः पेप्टाइडांच्या, म्हणजे प्रथिनांच्या लहान तुकड्यांच्या, जोडीला आढळले. दोन्ही धातू एकाच ऊतीत, तरी त्यांचे सोबती निराळे. ज्वारीसाठी हा प्रश्न दाण्यातच सोडवायचा तर लोहाच्या अणूकडून क्ष-किरण नेमके कोणत्या ऊर्जेपासून शोषले जाऊ लागतात हे सूक्ष्मपणे मोजावे लागते, सुमारे ७.१ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळच्या त्या शोषणरेषेचा आकार लोहाच्या भोवती कोणते अणू आहेत त्यानुसार बदलतो. इंदूरसारख्या ठिकाणी हे मोजमाप करता येते, आणि क्ष-किरणांमुळेच लोहाची अवस्था बदलू नये म्हणून छेद द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवून केलेले मोजमाप अधिक भरवशाचे ठरते.

या नकाशांचा उपयोग शेतापासून स्वयंपाकघरापर्यंत आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये परभणी शक्ती हा वाण दिला. त्यात किलोमागे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त आहे. ही वाढ मोलाची आहे, याविषयी दुमत नसावे. लोहसमृद्ध बाजरीची भाकरी सहा महिने खाणाऱ्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील शाळकरी मुलामुलींच्या शरीरातील लोहाचा साठा सुधारल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, म्हणजे हा मार्ग परिणामकारक ठरू शकतो. तरीही वाढलेले लोह भ्रूण-ॲल्युरोनमध्ये फायटेटसोबतच साठते की भ्रूणपोषातही उतरते, हे कळल्याशिवाय पुढच्या वाणाची दिशा ठरवता येत नाही. कण्यांसाठी ज्वारी कांडून कोंडा काढला जातो तेव्हा ॲल्युरोनचा बराच भाग जातो, त्याबरोबर फायटेटही जाते आणि लोहही. भाकरीच्या पिठात मात्र संपूर्ण दाणा दळला जात असल्याने दोन्ही राहतात. रात्रभर आंबवलेल्या पिठाच्या आंबिलीत आम्लता वाढते, फायटेज कामाला लागते आणि फायटेटचे फॉस्फेट गट एकेक करून सुटू लागतात. आंबवण्याच्या वेगवेगळ्या तासांना घेतलेल्या नमुन्यांवर रेणूंचा आणि मूलद्रव्यांचा नकाशा जोडीने काढला, तर सुटलेले लोह मोकळे राहते की लगेच दुसऱ्या एखाद्या फेनॉलिक रेणूच्या हाती लागते, हे पाहता येते; केवळ फायटेट किती घटले हे मोजून त्याचे उत्तर मिळत नाही.

शेतातील प्रश्नासाठी याच साधनांना आणखी एक जोड मिळते. जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीतील पिकावर अर्धा टक्का झिंक सल्फेटची फवारणी केली जाते. दाण्यात आलेले जस्त त्या फवारणीचे की मुळांनी मातीतून घेतलेले, हे साध्या मोजणीतून कळत नाही. निसर्गातील जस्तात वस्तुमान ७० असलेल्या समस्थानिकाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. हा समस्थानिक मुद्दाम वाढवलेले जस्त पानांवर फवारून नंतर दाण्याचा छेद लेसर-प्लाझ्मा पद्धतीने वाचला, तर फवारणीचे जस्त आणि मातीचे जस्त यांचे दोन वेगळे नकाशे एकाच छेदावर मिळतात. शेजारच्या छेदावर माल्डीने किंवा रामनने त्या जागेचे रेणू पाहिले, की फुलोऱ्यात केलेली फवारणी भ्रूणापर्यंतच पोहोचते की दाणे भरताना केलेली फवारणी भ्रूणपोषातही जस्त नेते, हे वाण आणि फवारणीची वेळ बदलून तपासता येते.